माईच्या पाठीमागचा माणूस

"ते सगळं खरं माई, पण माणसाच्या अंगात सेवाभाव घालायचा कसा, तेवढं सांगा."

"घालायचा?" मठातल्या केशरमाईने भुवया उंचावल्या. "आमटीत मीठ घालतात तसा?"

ओसरीवरची माणसं फिदीफिदी हसली. हर्षद मोकाशी मात्र हसला नाही. त्याला हसायला सवड नव्हती.

हर्षद शहरातल्या एका कंपनीच्या मदत केंद्राचा प्रमुख. इस्पितळ असो, बँक असो, कारखाना असो, कुठंही कॉम्प्युटर अडला की तिथली माणसं ह्याच्या केंद्राला फोन करायची. ह्याची पोरं-पोरी कानाला हेडफोन लावून तो अडलेला गाडा बसल्या जागेवरून चालता करायची. केंद्राचं नाव मोठं होतं. हर्षदचं त्याहून मोठं होतं, निदान हर्षदच्या मते तरी.

त्याची आई माईला फार मानायची. तिच्या आग्रहाखातर तो शहर सोडून ह्या डोंगरावरच्या मठात आला होता, तोही कामाचाच विचार डोक्यात घेऊन.

"तुम्ही अर्धा तास बोला," तो म्हणाला. "सेवा म्हणजे काय, धीर कसा धरायचा, गोड कसं बोलायचं. मी फोनवर रेकॉर्ड करतो आणि केंद्रात सगळ्यांना ऐकवतो."

"ऐकतील?"

"न ऐकून सांगतात कुणाला? हजेरी घेणार आहे मी."



"झालंय काय, ते आधी सांग."

"नशीब बलवत्तर म्हणून वाचलो माई, दुसरं काय." हर्षदने रुमालाने कपाळ पुसलं. "ऋतुजा गायधनी म्हणून एक मुलगी आहे माझ्याकडे. तिला एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून फोन आला. पडद्यावर एका पेशंटच्या नावापुढं दुसऱ्याचाच रक्तगट दिसतोय म्हणून. आणि ह्या बाईसाहेबांनी काय सांगावं? 'बंद करून परत चालू करा, होईल नीट.' तक्रार मिटली म्हणून नोंद टाकली आणि मोकळी झाली. अहो, एका बाईला भलतंच रक्त चढणार होतं! बाटली लावून तयार होती. नर्सला शंका आली म्हणून..."

ओसरीवरचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"ती बाई?"

"वाचली. घरी पण गेली."

"आणि तुझी पोरगी?"

"ती आज जाईल. इस्पितळाने बजावलंय, जबाबदार माणसाचं नाव आणि त्याला काढल्याचं आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर काम दुसऱ्या कंपनीला देतो. निरोप लिहून ठेवलाय. डोंगर उतरलो की पाठवतो." त्याने खिशावर हात ठेवला. "तो विषय संपला माई. मी आलोय तो बाकीच्यांसाठी."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? कारणं. कारणं द्यायला काय लागतं!"

माईने मान हलवली. मग अगदी सहज विचारलं, "तिच्या मागं कोण बसलं होतं?"

"मागं?"

हर्षदला प्रश्न कळेना. आता हे मागं बसण्याचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर तुम्हालाही कळायचं नाही.

ह्या मठात दर गुरुवारी आसपासच्या गावांतली माणसं आपापली गाऱ्हाणी घेऊन यायची. कुणाचं भांडण, कुणाचं दुखणं, कुणाची कागदपत्रं अडलेली. माई ओसरीवर घोंगडीवर बसून सगळ्यांचं ऐकायची, सुचेल तो सल्ला द्यायची. पण ती एकटी कधीच बसत नसे. तिच्या पाठीला पाठ लावून, भिंतीकडं तोंड करून दौलतबुवा नावाचा शिष्य बसायचा. ही मठाची जुनी रीत. समोरच्याने ऐकायचं, मागच्याने ते ऐकतोय का ते ऐकायचं. माई थकली की मागून पाण्याचा तांब्या यायचा. काही चुकलं, निसटलं, की मागून पाठीने ढुशी बसायची. आणि फारच दमली, की दोघं बसल्या जागी गर्रकन फिरायची. माईचं तोंड भिंतीकडं, बुवाचं माणसांकडं. माणसांनाही त्याचं काही वाटत नसे.

हर्षद आल्यापासून ते बघत होता आणि मनातल्या मनात हसत होता.

"राग मानू नका माई," तो म्हणाला, "पण एका कामाला दोन माणसं? माझ्याकडे असते, तर दौलतबुवांना मी पहिल्याच दिवशी दुसऱ्या कामाला जुंपलं असतं. माझ्याकडेही होती अशी. जुनीजाणती मंडळी, नव्या पोरांच्या मागं नुसती फिरायची. कुणी अडलं की खांद्यावरून वाकून बघायची. मी सगळ्यांना हलवलं तिथून. जागा वाचली, खर्च वाचला."

"आणि पोरं?"

"पोरांचं काय? शिकली आपापली."



आणि मग माई उठली.

ओसरीवर एकदम कुजबुज झाली. गुरुवारी गाऱ्हाणी अर्ध्यावर टाकून माई उठलेली कुणी पाहिली नव्हती. एका म्हातारीने तर तोंडाला पदर लावला.

"बस," माई हर्षदला म्हणाली.

"कुठं?"

"इथं. माझ्या जागेवर."

"मी?" हर्षद चाटच पडला. "अहो माई, मी काय सांगणार ह्या लोकांना?"

"माणसांच्या अडचणी सोडवायचं काम तुझं. पहिल्या नंबरचा आहेस ना? बस की. माझे पाय आखडलेत."

आता खरं सांगायचं तर हर्षदला मनातून गुदगुल्या झाल्या. नको नको म्हणत तो घोंगडीवर मांडी ठोकून बसला. पाठीला दौलतबुवाची पाठ लागली. घामेजलेली, रुंद पाठ. हर्षदने अंग चोरलं.

"बुवा, तुम्हीही जा. आराम करा जरा. मला एकट्याने काम करायची सवय आहे."

बुवाने माईकडं पाहिलं. माईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बुवा उठला, गुडघे झटकले आणि पायऱ्या उतरून खाली गेला. माई खांबाला टेकली आणि तिने डोळे मिटले.

"हं, एकेकाने या," हर्षद म्हणाला. "थोडक्यात सांगा. मुद्द्याचं बोला."

आणि काय सांगू, सुरुवात फर्मास झाली! एकाचं सातबाऱ्यावरचं नाव चुकलं होतं. हर्षदने तिथल्या तिथं फोन काढून अर्ज कसा करायचा ते दाखवलं. एका म्हातारीची बोटं झिजलेली, बँकेत ठसा उमटेना, म्हणून पेन्शन अडलेली. डोळ्यांवरूनही ओळख पटवता येते, असं त्याने सांगितलं, तर तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. रांग सरसर पुढं सरकायला लागली. हर्षदने एकदा खांबाकडं तिरका डोळा करून पाहिलं. माईचे डोळे मिटलेलेच होते.

ऊन वर आलं. ओसरीवरचे पत्रे तापले. हर्षद सकाळपासून नुसत्या चहावर होता. घसा कोरडा पडला. माठ आत, देवघराच्या शेजारी. उठावं तर समोर ही रांग. एवढ्यांचं आटपू, मग पिऊ, असं म्हणून तो बसून राहिला.

मग दोन भाऊ आले. शेताच्या बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेले. दोघं एकाच वेळी बोलायचे, आणि हर्षद मधे पडला की दोघं मिळून त्याच्यावर ओरडायचे. ते गेले ते धुसफुसतच. एक बाई नुसतीच रडत राहिली. तिला काय म्हणावं ते त्याला सुचेना. "होईल सगळं ठीक," तो म्हणाला. तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याने नजर खाली घातली.

"ह्या सायबाला काय घंटा कळतंय?" मागून एकजण मोठ्यांदा म्हणाला. "माईला बसवा!"

झालं! ते वाक्य हर्षदच्या डोक्यात गेलं. मग एक बहिरे आजोबा आले. त्यांनी पुन्हा पुन्हा तेच विचारलं. तेव्हा हा खेकसला, "अहो आजोबा, एकदा सांगितलं ना! किती वेळा तेच तेच?"

आजोबा गप्प झाले. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण हर्षदचं तोंड दिसलं होतं.

हर्षदच्या कपाळाची शीर उडत होती. पुढची माणसं त्याला धड दिसेनाशी झाली. कुणीतरी येत होतं, काहीतरी बोलत होतं, हा काहीतरी सांगत होता. रांग पुढं सरकत होती ना? बस्स.

कडेवर पोरगं घेतलेली एक बाई समोर आली. चांगलं थोराड पोरगं, कडेवर घ्यायचं वय केव्हाच उलटलेलं. त्याने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं.

"पोरगं तापलंय साहेब रात्रीपासून. उलट्या केल्या. मान खाली करून देत नाही, उजेडाकडं बघत नाही. मालक म्हणतात तालुक्याला न्यावं, मी म्हटलं आधी माईला विचारावं."

"ताप सगळीकडेच आहे सध्या," हर्षद म्हणाला. "हवा बदललीय. तापाची गोळी द्या, उतरेल."

"मग तालुक्याला नको न्यायला?"

"काही गरज नाही. पुढचे!"

बाईचा चेहरा उजळला. किती हलकं वाटलं असेल तिला! तिने वाकून घोंगडीला हात लावला, तो कपाळी लावला आणि पोराला सावरत ती पायऱ्यांकडं निघाली. हर्षदलाही बरं वाटलं. एक कमी झालं.

आणखी दोघं येऊन गेले. तिसरा माणूस बोलायला लागला होता. बियाण्याचं काहीतरी.

"काय सांगत होती रे ती?"

माईचा आवाज. डोळे उघडे होते.

"कोण?"

"ती. पोरगं घेऊन आलेली."

"ताप होता पोराला. गोळी द्यायला सांगितली."

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही... हां, उलट्या."

"आणखी?"

हर्षदने आठवायला डोळे मिटले...

मान खाली करून देत नाही. उजेडाकडं बघत नाही.



हर्षदच्या भावाच्या मुलाला मागं एकदा मेंदूचा ताप आला होता. इस्पितळाच्या बोळात हर्षद स्वतः उभा होता तेव्हा. डॉक्टरने तिथं उभ्या उभ्या हेच विचारलं होतं. मान वाकवता येते का? उजेड सहन होतो का? आणि एक तास उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टरने वाक्य अर्धंच सोडलं होतं. ते अर्धं वाक्य हर्षद जन्मात विसरणार नव्हता.

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळं, सगळं माहीत होतं. बाईने सांगितलं, कानाने ऐकलं, आणि तोंडाने सांगितलं, काही गरज नाही!

"अरे देवा..." तो म्हणाला.

तो उठला, घोंगडीत पाय अडकून धडपडला, पुन्हा उठला आणि पळत सुटला.

"ओ बाई! ओ ताई! थांबा!"

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. दगड तव्यासारखे तापलेले. बूट खाली काढलेले, पाय अनवाणी. ते पोळत होते हेही त्याला कळलं नाही. नाव विचारलं नव्हतं. गाव विचारलं नव्हतं. कुठल्या वाटेने गेली असेल? डोंगराखालून तीन दिशांना पायवाटा फुटत होत्या, आणि तिन्ही वाटा मोकळ्या होत्या.

गाडी! गाडी काढावी आणि एकेक वाट धुंडाळावी. तो वळला.

गाडी जागेवर नव्हती.

चिंचेखाली नुसता सावलीचा तुकडा होता. ना गाडी, ना ड्रायव्हर. हर्षदने शेजारच्या नारळाच्या दुकानाचा बांबू धरला.

"गाडी... माझी गाडी?"

"बुवा घेऊन गेले की!" दुकानातली बाई म्हणाली. "एक बाई होती, तापलेलं पोरगं होतं. त्यांना घातलं गाडीत आणि गेले भरधाव. साहेबांनी सांगितलंय म्हणाले तुमच्या ड्रायव्हरला. तुम्हीच सांगितलंत ना?"

हर्षदने ड्रायव्हरला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. डोंगराआड रेंज जात-येत होती. तो पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला. इस्पितळाला पाठवायचा निरोप पडद्यावर तसाच उघडा होता. ऋतुजा गायधनी ह्यांना कामावरून कमी करण्यात आले आहे. तो ते वाचत होता आणि त्याला वाचता येत नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी फोन वाजला. ड्रायव्हर अन्वर होता.

"साहेब, पोचलो. दवाखान्यात घेतलं लगेच. मेंदूचा ताप म्हणतायत डॉक्टर. इंजेक्शन दिलंय, आता ॲम्ब्युलन्सने शहरात हलवतायत. वेळेत आणलंत म्हणाले. घरी ठेवलं असतं तर..." अन्वर थांबला. "तुम्ही बुवांना पाठवलंत ते फार बरं झालं साहेब."

"अन्वर... बुवांना कसं कळलं?"

"मीपण तेच विचारलं त्यांना. पायऱ्या उतरणाऱ्या प्रत्येकाला ते विचारतात म्हणे, काय झालं, काय सांगितलं. पोराची मान पाहिली त्यांनी. म्हणाले, मला त्यातलं काय कळतंय? कळलं नाही म्हणून तर गाडीत घातलं."

हर्षदने फोन मांडीवर ठेवला. आणि मग, नारळवालीच्या देखत, तो ढसाढसा रडला. मेंदूचा ताप आलेल्या पोराला त्याने गोळी देऊन घरी धाडलं होतं, आणि वर बरं वाटून घेतलं होतं!

तो वर आला तेव्हा रांग संपत आली होती. माई आपल्या जागेवर होती. तिच्या पाठीमागं मघाचे बहिरे आजोबा बसले होते, भिंतीकडं तोंड करून. कुणीतरी बसायला हवं म्हणून बसले होते.

शेवटचा माणूस गेला. हर्षद समोर येऊन उभा राहिला. त्याचे तळपाय लाल झाले होते.

"पोरगं पोचलं," तो म्हणाला.

"हं."

"तुम्ही ऐकत होतात माई."

"होते ऐकत."

"मग बोलला का नाहीत? एका शब्दाने म्हणाला असतात तर! त्या पोराचं काही बरंवाईट झालं असतं तर!" त्याचा आवाज चढला. तिच्यावर चढला होता की स्वतःवर, ते त्यालाही कळत नव्हतं.

"बुवा पायऱ्यांवर बसलाय हे मला ठाऊक होतं," माई म्हणाली. "तुला ठाऊक होतं का?"

"...नाही."

"तरी पाठवलंस तिला."

हर्षद घोंगडीच्या कडेला बसला.

"अडलं होतं, तर विचारायचं होतंस," माई म्हणाली.

"कुणाला विचारणार? तुम्ही डोळे मिटून बसलेल्या. समोर एवढी रांग. घशाला कोरड. उठायची सोय नाही. आणि मागं विचारायला कुणी..."

तो थांबला.

माईची पाठ ताठ झाली तशी आजोबांनीसुद्धा भिंतीकडून मान वळवून पाहिलं, असं काय झालं म्हणून.

हे वाक्य त्याचं नव्हतं. हे वाक्य त्याने ऐकलं होतं, ह्याच आठवड्यात, आपल्या काचेच्या केबिनमध्ये. ऋतुजा टेबलापलीकडं उभी होती. त्याने तिला बस म्हटलं नव्हतं. ती म्हणाली होती, "सर, दुसरी पाळी होती माझी, सलग. बदली माणूस आलाच नाही. फोनवर फोन. शंका आली होती मला, पण सर, मागं विचारायला कुणी नव्हतं." आणि त्याने घड्याळाकडं बघत म्हटलं होतं, कारणं नकोत मला.

"माई..." तो म्हणाला.

माईने पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला. तो घटाघटा प्यायला. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं.

मग त्याने खिशातून फोन काढला. लिहिलेला निरोप पुसून टाकला. आवाजात एकदम जोर आला.

"मी माझं नाव देतो त्यांना. माझंच. आणि राजीनामा देतो. आजच्या आज!"

त्याला वाटलं, माई आता पाठीवरून हात फिरवेल.

माई खो खो हसली. इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि आजोबांनी मागून तिच्या पाठीत थोपटलं.

"वा रे पठ्ठ्या! आधी मागची माणसं हलवलीस. आता पुढचाही निघाला. आणि ती पोरगी? ती बसायची तिथं एकटी?"

हर्षदचं तोंड गोरंमोरं झालं.

"मग करू काय? तिला काढलं नाही तर काम जाईल आमचं."

"जाईलही."

"बाकीच्या पोरांचं काय मग?"

"ते मला काय विचारतोस? त्यांना विचार. विचारलंयस कधी?"

तो बराच वेळ माईसमोरच ओसरीच्या पायरीवर फोन हातात धरून बसला. एक ओळ लिहायचा, खोडायचा. शेवटी लिहिलं ते एवढंच: कुणालाही काढलेलं नाही. दमलेल्या पोरीला एकटीला बसवलं, ती व्यवस्था माझी होती, ती मी बदलतो आहे, मागची माणसं परत आणतो आहे. उद्या स्वतः येऊन भेटतो.

पाठवलं. पलीकडून काहीच आलं नाही. काम राहतं की जातं, काही कळायला मार्ग नव्हता.

"आता तिला सांगतो," तो म्हणाला. निदान एवढं तरी लगेच करता येण्यासारखं होतं. त्याने ऋतुजाला फोन लावला आणि गडबडीत स्पीकरही चालू झाला.

फोन तिच्या वडिलांनी उचलला.

"साहेब? मी तिचा बाबा बोलतोय." आवाज घाबरलेला. "काढलं का हो पोरीला?"

"नाही, नाही! नाही काढलं. तेच सांगायला फोन केला. तिची नोकरी आहे, आणि... चूक तिची एकटीची नव्हती, काका. माझी होती."

मग म्हातारा हुंदका गिळत म्हणाला, "काय सांगू साहेब, त्या दिवसापासून पोरीच्या डोळ्याला डोळा नाही. ताटावरून उठायची, रात्र रात्र येरझाऱ्या घालायची. ती बाई मेली असती तर बाबा, म्हणून रडायची. आत्ता, अगदी आत्ता, बसल्या बसल्या झोप लागलीय तिला. थांबा, उठवतो! ऐकू दे तिला तुमच्या तोंडून. ऋतू! अगं ए ऋतू..."

"हो हो, उठवा काका, लगेच उठवा," हर्षद म्हणाला. "म्हणावं, साहेबांचा फोन आहे."

माईचा हात पुढं आला आणि त्याच्या हातातल्या फोनवर पालथा पडला. जोरात. हर्षद दचकला.

"झोपलीय?" माईने विचारलं.

"हो, पण..."

"मग तुझंच काम करतेय ती. उद्या ताज्या डोक्याने फोन घ्यायचेत तिला. करू दे."